फुकटच्या पोकरची शिकवणी

दहा हजार रुपयांचं बक्षीस, प्रवेश मोफत, आणि खेळायला बसलेली तीन हजार माणसं. भागाकार केला तर माणशी तीन रुपये तेहतीस पैसे येतात. तुम्ही सरासरीच्या दुप्पट चांगले खेळत असाल तर साडेसहा रुपये, तेही रात्रीचे तीन-साडेतीन तास खर्चून. हा हिशेब मी बायकोसमोर मांडला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जुगार नाही, वेठबिगारी." पण खिशातून एक पैसा जाणार नाही या अटीवर परवानगी मिळाली, आणि 2020च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी ऑनलाइन पोकर शिकायला लागलो. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ देशात बंद झाले. त्यामुळे पुढचं सगळं त्याआधीचं आहे.

खेळ टेक्सस होल्डेम. दोन पानं हातात, पाच पानं मध्ये उघडी, सातांतली उत्तम पाच धरायची. मधली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. तीन पत्ती खेळलेल्याला समजायला एक संध्याकाळ पुरते. गणपतीच्या जागरणाला रात्रभर तीन पत्ती खेळण्यात माझी अर्धी जवानी गेली असल्यामुळे जोडी, कलर, सिक्वेन्स ही भाषा नवीन नव्हती. नवीन होतं ते टुर्नामेंटचं गणित. सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स, आमच्या बहुतेक स्पर्धांत 5,000. ब्लाइंड, म्हणजे दोन भिडूंनी पानं बघायच्या आधीच टाकायची सक्तीची रक्कम, 25-50पासून, म्हणजे लहान 25 आणि मोठी 50पासून, सुरू होते आणि दर काही मिनिटांनी वाढत जाते. चिप्स संपल्या की घरी. फुकटच्या स्पर्धेला फ्रीरोल म्हणतात, आणि त्यात दुसऱ्यांदा चिप्स विकत घ्यायची सोय सहसा नसते.

खेळायच्या आधी मी बरेच दिवस नुसताच बघत बसलो. कुठलंही टेबल उघडून बाहेरून पाहता येतं. यूट्यूबवरचे गुरुजी जे शिकवतात आणि फ्रीरोलच्या टेबलावर जे चालतं त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे तिथे दिसलं. गुरुजी सांगतात, समोरच्याला काय वाटतंय ओळखा, गोष्ट रचा, फ्लॉपवर लावा, टर्नवर पुन्हा लावा, रिव्हरवर त्याला फोल्ड करायला, म्हणजे पानं टाकून डाव सोडायला, भाग पाडा. इथे पहिल्याच डावात सहा जण ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पुढे. एकाकडे सत्ती-तिर्री, दुसऱ्याकडे राणी-दुर्री. समोरच्याला काय वाटतंय? काहीही वाटत नाहीये. त्याला बाद झालो तर झोपायला जायचंय आणि जिंकलो तर पुढचा अर्धा तास बघू म्हणायचंय.

ब्लफ म्हणजे भीतीचा धंदा. समोरच्याकडे हरण्यासारखं काहीतरी असेल तरच तो तुमच्याकडून भीती विकत घेतो. ज्याने तिकिटाला छदाम दिला नाही त्याला काय विकणार? म्हणून पहिल्या तासात ब्लफ नावाची गोष्ट मी पूर्ण बंद ठेवली. चांगलं पान असेल तर खेळायचं आणि भरपूर लावायचं. एरवी रेझ, म्हणजे रक्कम वाढवणं, मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट पुरते, इथे मी पाचपट-सहापट करायचो, कारण कॉल, म्हणजे समोरून तेवढीच रक्कम, तसाही येणारच असतो. आणि चांगला हात लपवून, गरीब चेहरा करून बसायचं नाही. समोरचा पैसे द्यायला तयारच आहे, त्याला फसवायची गरज कुठे आहे?

जे करायचं ते अगदी कंटाळवाणं होतं. पहिल्या चाळीस मिनिटांत बहुतेक पानं फेकायची. एक्का-राजा, एक्का-राणी, मोठ्या जोड्या एवढंच खेळायचं. छोटी जोडी, म्हणजे पंजी-पंजी, सत्ती-सत्ती, स्वस्तात फ्लॉप बघायला मिळत असेल तरच. जोडीचं तिसरं पान फ्लॉपवर येण्याची शक्यता साधारण साडेआठात एक. एरवी हा सौदा जेमतेम परवडतो, पण फ्रीरोलमध्ये तिसरं पान लागलं की समोरचा एका एक्क्याच्या जोरावर सगळ्या चिप्स आणून देतो. एक्का-राजा मात्र दिसायला जेवढा देखणा तेवढा फ्लॉपवर लागत नाही. तीनातून दोनदा तो रिकामा जातो. चार जणांनी कॉल केलेला असताना रिकाम्या एक्का-राजावर पैसे लावत राहणं हा सुशिक्षित लोकांचा खास आजार.

आता रिकाम्या खुर्च्यांबद्दल. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि पुढे जो जो विचारायला आला त्याला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं. मोफत असल्यामुळे शेकडो लोक नाव नोंदवतात आणि फिरकतच नाहीत. त्यांची खुर्ची टेबलावर असते, 5,000 चिप्स असतात, पानंही वाटली जातात, आणि त्यांची पाळी आली की साइट त्यांच्या वतीने आपोआप फोल्ड करते. ब्लाइंड मात्र कापलीच जाते. नऊ जणांच्या टेबलावर असे तीन गैरहजर असले, आणि ते तुमच्या डाव्या हाताला बसलेले असले, तर चांदी. पाळी डावीकडे सरकते, म्हणजे तुमच्यानंतर बोलणारं कोणी उरतच नाही. त्यांची ब्लाइंड असताना तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं तर पान न बघता रेझ करायची, ब्लाइंड उचलायची. शंभर-दीडशे चिप्सची किरकोळ मिळकत, पण जोखीम शून्य. फ्रीरोलच्या पहिल्या तासात चोरी करायची असेल तर ती फक्त घरी नसलेल्यांच्या घरी.

एक डाव सविस्तर सांगतो, कारण फ्रीरोलचा पूर्वार्ध त्यात सगळा येतो. ब्लाइंड 25-50. मी मोठ्या ब्लाइंडवर, हातात इस्पिक आणि बदाम एक्का. एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. माझ्यापर्यंत पाळी येईस्तोवर चार जण ऑल-इन झालेले. इथे भल्याभल्यांच्या मनात येतं की चार जणांसमोर एक्के तुटणार, पहिल्या दहा मिनिटांत कशाला बाद व्हा. गणित असं आहे. एका अनोळखी हातासमोर एक्क्यांची जोडी 85 टक्के वेळा जिंकते. चार अनोळखी हातांसमोर ती 56 टक्क्यांवर येते. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा घरी. पण जिंकलात तर 5,000चे 25,000 होतात. सरासरी काढली तर 5,000 टाकून 14,000 येतात. एवढा नफ्याचा सौदा अख्ख्या रात्रीत परत मिळत नाही. कॉल केला. पानं उघडली. एकाकडे छक्की-तिर्री, एकाकडे राजा-दुर्री, एकाकडे एक्का-पंजी, आणि एकाकडे गुलाम-दश्शी. फ्लॉप राणी, अठ्ठी, चौकी. टर्न राजा. तोवर मी पुढे. रिव्हरला नश्शी पडली, आणि नश्शी-दश्शी-गुलाम-राणी-राजा असा सरळ सिक्वेन्स लावून गुलाम-दश्शीवाला पाच जणांच्या चिप्स घेऊन गेला. चॅटमध्ये त्याने लिहिलं, "लक इज ऑल्सो स्किल ब्रो". मी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी तीच पानं आली असती तर तेच केलं असतं.

काही जण या गोंधळावर उपाय म्हणून उशिरा येतात. नोंदणी तासभर उघडी असते, चाळीस मिनिटांनी आत शिरलं की आंधळे ऑल-इनवाले बाद झालेले असतात. वेळ वाचतो हे खरं. पण तोवर ब्लाइंड 200-400 झालेली, म्हणजे तुमच्या 5,000 चिप्सची किंमत साडेबारा मोठ्या ब्लाइंडवर आलेली, आणि चिप्स वाटत सुटलेले दानशूर निघून गेलेले. मला वेळेवर बसून पानं फेकत राहणं जास्त मानवलं. हात मोकळे राहतात. मी लसूण सोलायचो.

दर तासाच्या पंचावन्नाव्या मिनिटाला पाच मिनिटांची सुट्टी असते. पहिल्या सुट्टीला निम्म्याहून जास्त मंडळी गेलेली असायची. रोज खेळल्यामुळे काही टोपणनावं ओळखीची झाली. साइटवर प्रत्येक खेळाडूला रंगाची खूण करून टिपण लिहिता येतं. लाल म्हणजे कुठल्याही पानावर ऑल-इन, हिरवा म्हणजे कॉल करतो पण स्वतःहून कधी लावत नाही, निळा म्हणजे विचार करणारा. निळे फार थोडे निघाले. हिरव्यांवर माझा सगळा संसार चालायचा. हिरव्याने अचानक रेझ केली की मात्र राजांची जोडी असली तरी थबकायचं.

मधला टप्पा थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. माणसं कमी होतात, टेबलं मोडून जोडली जातात, ब्लाइंड वाढते, त्यात अँटी सुरू होते, म्हणजे प्रत्येक डावाला प्रत्येकाने थोडं थोडं टाकायचं. इथे 'एम' नावाचं एक माप फार कामी आलं. पॉल मॅग्रिएल या बॅकगॅमनच्या बड्या खेळाडूच्या नावावरून ते पडलंय. तुमच्या चिप्सना एका फेरीच्या खर्चाने भागायचं. समजा ब्लाइंड 1,000-2,000 आणि अँटी 200, टेबलावर नऊ जण. एका फेरीचा खर्च 3,000 अधिक 1,800, म्हणजे 4,800. तुमच्याकडे 24,000 असतील तर एम झाला पाच. नुसतं बसून राहिलात तर पाच फेऱ्यांत खलास. एम पाचच्या आसपास आला की छोट्या रेझ, कॉल करून फ्लॉप बघू, असले चोचले संपतात. दोनच पर्याय राहतात, फोल्ड किंवा ऑल-इन. कॉल करून सगळ्या चिप्स टाकायच्या तर हात भक्कम लागतो. आधी ऑल-इन करणाऱ्याला कमकुवत हातही चालतो, कारण समोरचा फोल्ड करू शकतो. पहिल्या तासात हा फरक बिनकामाचा होता, कारण फोल्ड कोणी करतच नव्हतं. आता करायला लागतात.

का करायला लागतात? चिप्स त्याच, माणसंही बहुतेक तीच. फरक एवढाच की आता त्यांचे तीन तास गेलेले असतात. पहिल्या शंभरांना काहीतरी मिळणार, शंभराव्याला तीस रुपयांचं तिकीट. सुरुवातीला ज्याने राणी-दुर्रीवर सगळं उधळलं असतं, तोच माणूस एकशे चौथ्या नंबरावर असताना एक्का-दश्शी हातात धरून घामाघूम होतो. तीस रुपयांसाठी! मी स्वतः हे टाइप करताना हसतोय, पण रात्री साडेअकराला, डोळे चुरचुरत असताना, ते तीस रुपये हक्काचे वाटतात. या टप्प्याला बबल म्हणतात. सगळ्या टेबलांवर एकेक डाव एकाच वेळी खेळवला जातो, एक टेबल संपलं की बाकीच्यांसाठी थांबतं, आणि लोक दुसरीकडे कोणीतरी आधी बाद व्हावं म्हणून मिळालेला प्रत्येक सेकंद वापरतात. तीन तास बंद ठेवलेलं ब्लफचं दुकान उघडायची वेळ हीच.

तो डाव असा. 104 जण शिल्लक. माझ्याकडे 30,000, ब्लाइंड 1,000-2,000, अँटी 200. मी बटनावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या मोक्याच्या जागी. हातात किलवर नश्शी-सत्ती. माझ्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं. लहान ब्लाइंडवाल्याकडे 9,000, मोठ्यावर बसलेल्याकडे 22,000. हा मोठ्यावरचा माणूस मागच्या वीस मिनिटांत एकही डाव खेळला नव्हता, आणि त्याच्या पाळीला घड्याळ दर वेळी शेवटपर्यंत चालायचं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 4,800 पडलेले. मी ऑल-इन. लहानाने लगेच फोल्ड केलं. मोठ्याचं घड्याळ सुरू झालं. नेहमीचा वेळ संपला, राखीव वेळ सुरू झाला, तोही उतरत उतरत तीन सेकंदांवर आला, आणि फोल्ड. वर त्याने पानं उघडून दाखवली. एक्का आणि गुलाम, दोन्ही चौकट. चॅटमध्ये लिहिलं, "भाई हर बार?" हर बार नव्हतं, पण त्या वीस मिनिटांत अनेकदा होतं. एकदा असा पॉट उचलला की एक फेरी फुकट मिळते, आणि बबल लांबला तर हातात एकही चांगलं पान न येता 30,000चे 55,000 होतात.

एक जपावं लागतं. जोर दाखवायचा तो मधल्या स्टॅकवाल्यांवर, म्हणजे ज्यांच्याकडे चिप्स फार कमीही नाहीत आणि फार जास्तही नाहीत त्यांच्यावर. ज्याच्याकडे जेमतेम एका ब्लाइंडपुरत्या चिप्स उरल्यात तो कॉल करणारच, त्याच्याकडे घालवण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडे डोंगर आहे तोही करणार, त्याला फरक पडत नाही. मधला माणूस सगळ्यात भित्रा.

बबल फुटला की दोन मिनिटांत चित्र उलटतं. तिकीट खिशात पडल्याबरोबर पुन्हा सगळे उदार होतात, आणि पुन्हा ब्लफ बंद, चांगली पानं चालू. अंतिम टेबलावर मी क्वचितच पोचलो. पोचलो तेव्हा पाचव्या नंबरावर राजा-सत्तीवर ऑल-इन झालो, एक्का-नश्शीने कॉल झाला, आणि रात्री पावणेएकला घर शांत असताना मनातल्या मनात ओरडलो. पाचशे रुपये जमा झाले.

या पाचशेचं काय करायचं, याचं उत्तर मला ख्रिस फर्ग्युसनच्या प्रयोगात मिळालं. वर्ल्ड सिरीज, म्हणजे पोकरची सगळ्यात मानाची स्पर्धा, जिंकलेला हा गणिती माणूस 2006मध्ये शून्य डॉलरपासून सुरू करून दहा हजारांपर्यंत जायचं ठरवून बसला, आणि सुरुवातीला त्यालाही फ्रीरोलच खेळावे लागले. त्याचा नियम असा, की कुठल्याही मोठ्या टुर्नामेंटमध्ये जमा रकमेच्या दोन टक्क्यांहून जास्त घालायचे नाहीत, अगदी सुरुवातीला एका डॉलरची सूट सोडता. पाचशेचे दोन टक्के दहा रुपये. तेवढ्याच प्रवेशाच्या स्पर्धा मी खेळलो. लोक उदाहरण नेहमी ख्रिस मनीमेकरचं देतात, 2003मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजला गेला आणि 25 लाख डॉलर घेऊन आला. पण त्याने 86 डॉलर मोजले होते. फुकटवाल्यांची खरी देवी म्हणजे नॉर्वेची आनेट ओब्रेस्ताद. खात्यात कधी स्वतःचे पैसे भरलेच नाहीत असं सांगणारी ही मुलगी 2007मध्ये, एकोणिसावा वाढदिवस व्हायच्या आत, लंडनची वर्ल्ड सिरीज युरोप जिंकली. तिने 180 जणांची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पानं जवळजवळ न बघता जिंकल्याचा किस्साही प्रसिद्ध आहे. ते शक्य झालं, कारण त्या स्पर्धेला प्रवेश फी होती. फ्रीरोलच्या पहिल्या तासात पानं झाकून बसली असती तर तिचीही गत आमच्यासारखीच झाली असती.

दहा रुपयांच्या टेबलावर बसलो तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. दहा रुपये म्हणजे अर्धा वडापाव, पण तिथे पहिल्या डावाला कोणी ऑल-इन होत नव्हतं. रेझ केली की लोक फोल्ड करत होते.

कायदा आला तेव्हा खात्यात थोडे पैसे होते. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 2023च्या एप्रिलपासून 30 टक्के टीडीएस कापला जायचाच. तो जाऊन जे आलं त्यात बायकोने मिक्सरचं नवं भांडं घेतलं.

आता आम्ही शनिवारी घरीच बसतो. आठ जण, प्लास्टिकच्या चिप्स, पैशांचा संबंध नाही. सुरुवातीला पुन्हा तीच तऱ्हा. माझा मामेभाऊ पहिल्याच डावाला "चल दादा, ऑल-इन!" म्हणायचा, बाद व्हायचा आणि सोफ्यावर पडून क्रिकेट बघायचा. त्याच्या मागोमाग अजून दोघे. अर्ध्या तासात टेबल रिकामं. शेवटी बायकोनेच तोडगा काढला. जो पहिला बाद होईल त्याने त्या रात्रीची सगळ्यांची भांडी घासायची, पोह्यांच्या कढईसकट. परवा पाऊण तास झाला तरी आठही जण टेबलावर होते, आणि माझ्या साध्या रेझवर मामेभावाने राजा-राणी फेकून दिले. माझ्याकडे अठ्ठी-चौकी होती.